व्हॅनमागची ट्रॉली

आलापल्ली मागं पडली, दोन्ही अंगांनी सागाचं रान लागलं, तशी कमरजहाँ स्टिअरिंगवर ताल धरून गुणगुणायलाच लागली. पन्नाशीला टेकलेली बाई, पण आनंद कसा पोटात मावेना! इतकी वर्षं वरोऱ्याच्या गल्लीत बसून लोकांच्या गाद्या भरल्या. आज स्वतःची व्हॅन स्वतः हाकत ती थेट सिरोंच्याला निघाली होती, लग्नघरच्या गाद्या तिथंच भरून द्यायला.

व्हॅन म्हणजे काय, एका बँडवाल्यानं टाकून दिलेलं जुनं धूड. पण कमरजहाँनं तिच्यात झोपायला फळी ठोकून घेतली, शेगडी बसवली, फुलाफुलांचे पडदे लावले. मागं दोन चाकांची छोटी ट्रॉली जोडली, तिच्यात रुई पिंजायची मशीन आणि रुईचे गठ्ठे. काम तिथं मुक्काम, आणखी काय पाहिजे!

शेजारी बसलेल्या कय्यूमचं तोंड मात्र आंबलेलं. निघतानाच नवरोबांनी बजावलं होतं, "या खेपेले गाडीनं जराशी जरी कुरकुर केली ना कमर, तं वापस आल्याबरोबर कोरपन्याच्या धनराजले देऊन टाकीन. थो मागूनच राह्यला."

तिनं हो म्हटलं खरं, पण तेव्हापासून तिचा सगळा जीव मागच्या ट्रॉलीत. हूक तपासला, साखळी ओढून पाहिली, चाकांत हवा भरून घेतली. माल तेवढा कय्यूमनं भरला. त्यात दुसऱ्या कुणी बोट घातलेलं त्याला खपायचं नाही. बापाच्या बैलगाडीवर कापसाच्या खेपा करत वाढलेला माणूस तो!

आणि मग उतार लागला. व्हॅननं वेग धरला, तशी ट्रॉली आधी जराशी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग जी काही झुलायला लागली की व्हॅनची मागची बाजूच गदागदा हलू लागली. आतली भांडी खणाणली.

"अवं, ब्रेक मार! ब्रेक मार!" कय्यूम ओरडला.

कमरजहाँचा पाय ब्रेकवर जातच होता, तो तिनं आवरला. अशा वेळी कचकन ब्रेक मारला तर मागचं ओझं अंगावर येऊन व्हॅनच आडवी पाडील, एवढं भान तिला होतं. स्टिअरिंग घट्ट, सरळ धरलं, ॲक्सिलरेटर सोडला आणि "या अल्ला, या अल्ला" करत गाडीला तिच्या तिच्यानं दमू दिलं. उतार संपला, झुलणं थांबलं, आणि तिनं व्हॅन हळूच कडेला घेतली.

"झालं समाधान?" कय्यूमनं घाम पुसला. "म्हातारी झाली ही. आता धनराजलेच देतो."

"द्या! पन आधी मले पाहू तं द्या," कमरजहाँ फणकारली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दिसू नये म्हणून ती घाईनं उतरली.

व्हॅनच्या आणि ट्रॉलीच्या चाकांना तिनं दगड लावले आणि हुकाची खीळ उपसली. उपसली मात्र, ट्रॉलीची दांडी ताडकन वर उसळली आणि कय्यूमची टोपी उडवून गेली! साखळी होती म्हणून ट्रॉली मागच्या मागं कलंडली नाही.

मागून जड होऊन पुढून वर उचललेली गाडी म्हणजे उलाळ गाडी. हे काय त्या दोघांना सांगायला पाहिजे?

"तुमी ट्रॉली उलाळ भरली?"

"मुद्दाम भरली," कय्यूम टोपी झटकत पुटपुटला. "बैल म्हातारा असला का त्याच्या खांद्यावर वजन नाई देत. म्हनून मशीन मागं टाकली. म्हटलं, बिचारीच्या मानेले आराम पडन."

कमरजहाँ बघतच राहिली. भंगार, भंगार म्हणून दिवसभर जिला शिव्या घालायच्या, तिच्याच मानेची एवढी काळजी! तिला राग आला, हसूही आलं, आणि हसूच जिंकलं.

"अवो, बैलाची मान दुखते! हुकाले काय दुखते? पुढून दाब नसला तं ट्रॉली नाचनच ना मागं!"

मग दोघांनी गठ्ठे उतरवले, मशीन रेटत रेटत चाकांच्या पुढं आणली, गठ्ठे मागं रचले आणि सगळं दोरानं करकचून बांधलं. आता दांडी उचलून हुकात बसवायला कमरजहाँला दोन्ही हात लावून कण्हावं लागलं.

"आता बराबर!"

पुढचा उतार आला. तिनं आधीच गिअर खाली टाकला, श्वास रोखला, आणि ट्रॉली शहाण्या पोरीसारखी मागोमाग आली. वाकडी म्हणून गेली नाही! "हुर्रे!" कमरजहाँ एवढ्यानं ओरडली की बाजूच्या झाडावरची वानरं पळाली. कय्यूम आरशात ट्रॉलीकडेच बघत होता.

पहिल्याच टपरीवर चहाला थांबले, तर त्यानं फोन काढून धनराजलाच लावला.

"धनराजभाऊ, गाडीचं सांगाले फोन केला. काई खरं नाई राजा तिचं! दार लाथ मारल्याबिगर उघडत नाई. पावसात टपकते. चढावर खोकलते. आज तं उतारावर अशी नाचली का जीवच गेला असता!"

"अवो, पन आता तं सुदी चालून राह्यली ना..." ती कळवळून म्हणाली.

त्यानं हातानंच तिला गप्प केलं. "नाई भाऊ, तुमाले फसवून मी कुठी जाऊ? घेऊच नका तुमी."

फोन खिशात टाकून त्यानं लांब चेहरा केला.

"नाई घेत म्हनते थो," कय्यूम म्हणाला. "आता ठेवाच लागन आपल्याले."