गेन्झोच्या तीन ओळी

बर्कलीच्या आपल्या रोपवाटिकेत शेवंतीच्या कुंड्या हलवायच्या सोडून मासाए ओदाते हातातलं मासिक पाहत राहिली. तिसऱ्या पानावर तिच्या नवऱ्याचं नाव छापलं होतं. गेन्झोला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचा जन्म दुसऱ्यांच्या बागा राखण्यात गेला. बौद्ध मंदिरात दर महिन्याला भरणाऱ्या हायकू मंडळाबाहेर त्याच्या ओळी कुणी ऐकल्या नव्हत्या. आता १९५६ साली त्या इंग्रजीत आल्या होत्या.

अनुवादक समोरच उभा होता, छाती फुगवून. वेंडेल प्रुइट, सव्वीस वर्षांचा कवी. वसंतात रोपं घ्यायला म्हणून आला आणि गेन्झोची वही पाहून इथलाच झाला. विद्यापीठात थोडी जपानी शिकला होता, रोज ध्यानाला बसायचा.

मासाएने अडखळत वाचलं : 'रिकामं पात्र, भरतं शून्याने, शून्यच.' खाली दोन पानं विवेचन.

"हे काय लिहिलंयस?"

"शून्यता, मासाए-सान! सगळ्या पूर्वेचं सार आहे त्यात. आमच्या कवितेला हेच तर हवंय."

"कसलं सार? वाळू आहे ती."

"हो, पण प्रतीक म्हणून..."

"प्रतीक म्हणे! डोंबल तुझं!"

ती एका उलट्या खोक्यावर बसली. बोलायचं तिच्या मनात नव्हतं, पण शब्द थांबेनात. बेचाळीस साली, जपानशी युद्ध पेटल्यावर, किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी कुटुंबांना घर सोडायचा सरकारी हुकूम आला. हातात मावेल तेवढंच सामान. मग यूटाच्या वाळवंटातली छावणी, भोवती काटेरी तार. खोलीच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी. एकदा तिने वाडगा मांडला आणि भात आणायला वळली. परत येऊन बघते तो वाडग्यात वाळू. ती हुंदके देऊन रडली. सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर गेन्झोने तीन ओळी लिहिल्या.

"तीन वर्षं कोंडलं होतं आम्हाला. आणि तू त्याला शून्य म्हणतोस?"

वेंडेलचा चेहरा उतरला. "मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, नेब्रास्कात. आमच्याकडे कुणी बोललंच नाही यावर."

"आम्ही तरी कुठे बोललो? माझी लेक तेव्हा तान्ही होती, तिलासुद्धा धड ठाऊक नाही."

शनिवारी दुपारी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका पुस्तकांच्या दुकानात त्याचं काव्यवाचन होतं. मासाए लेकीला घेऊन गेली. वेंडेलच्या लांबलचक, गडगडाटी कवितांसाठी पोरं दाटीवाटीने बसली होती. तो उठला आणि त्याने एवढंच वाचलं :

रिकामा वाडगा
वाऱ्याने हळूच भरला
वाळूने

मग छावणीचं नाव आणि साल.

"पुढे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"एवढंच. हे मी आधी चुकीचं छापलं होतं. तिथे शून्य नव्हतं, वाळू होती. आपल्याच देशाने कोंडलेल्या माणसांच्या वाडग्यात."

लेकीने आईचा हात घट्ट धरला. तिला पुष्कळ काही विचारायचं होतं, पण ते घरी गेल्यावर.

बाहेर फुटपाथवर वेंडेल घाबरतच जवळ आला. "आता जमलं?"

"वाळू जमली. पण ते 'हळूच' कुठून आणलंस? यांनी नव्हतं लिहिलं. तिथला वारा झोडपायचा."

त्याने भिंतीला कागद टेकवून तो शब्द खोडला.

"रविवारी मंडळाला ये," मासाए म्हणाली. "स्वतःच्या तीन ओळी घेऊन. पण पूर्वेच्या नकोत, नेब्रास्काच्या आण."

"तिथे मक्याशिवाय आहे काय?"

"मग मका आण."