‘हो’च्या रकान्यातली खूण

“अजून एकदा वाजवा ना, मानांग! आत्ताच उठलीये ती, झोपेतच आहे.”

नेल्फाच्या मांडीवर नऊ महिन्यांची लव्हलिन बसली होती आणि दोघींच्या मागे मी, त्यांची मानांग म्हणजे थोरली ताई, हातात पितळी घंटा घेऊन, उकिडवी. डाव्या कानामागे वाजवून झाली, उजव्या कानामागेही झाली. पोरीनं मान वळवली नव्हती. दारातल्या मांजरावरून तिची नजर हलत नव्हती.

घंटा दोन्ही बाजूंना एकेकदाच वाजवायची, असा नियम होता. मूल वळलं तर ‘हो’च्या रकान्यात खूण, नाही वळलं तर ‘नाही’च्या. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात जन्मलेल्या दोन हजार मुलांची वाढ आम्ही नोंदवत होतो. तीच मुलं, तीच घरं, ती मोठी होईपर्यंत. कधी बसतात, कधी बोलतात, कशाला भितात. प्रशिक्षणात डॉक्टर नोब्लेझाबाईंनी बजावलं होतं, “आपण मुलांना पास-नापास करत नाही, पेर्लिता. असेल तसं लिहितो. एवढंच आपलं काम.”

‘नाही’ लिहिलं की गुलाबी फॉर्म भरा, पंधरा दिवसांनी पुन्हा या, आणि आईनं पोरीला इलोइलो शहरातल्या दवाखान्यात न्यायचं. नेल्फा एकोणीस वर्षांची, नवरा बोटीवर. मला अजून चार घरं करायची होती आणि शेवटची जीपनी गाडी साडेपाचला सुटायची.

मी पुन्हा घंटा वाजवली. या वेळी जरा पुढं वाकून. माझी निळी बाही तिला कडेनं दिसली असणार. लव्हलिन गर्रकन वळली आणि खुदकन हसली.

“बघा! म्हटलं नव्हतं मी?” नेल्फानं तिचे पापे घेतले.

मी ‘हो’वर खूण केली. शाई वाळेपर्यंत मला कळलेलं होतं, की मी खोटं लिहिलं.

लव्हलिन दीड वर्षाची असताना मी गेले तेव्हा शब्द मोजायचे होते. “मामा म्हणते, पापा म्हणते, मांजराला पण काहीतरी म्हणते,” नेल्फा म्हणाली. मी तासभर बसले. एक शब्द ऐकला नाही. तीन शब्द, असं लिहून उठले. पहिली खूण खरी ठरवायची, तर दुसरीही तशीच करावी लागते.

साडेतीन वर्षांची झाली तेव्हा बालवाडीच्या बाईंच्या लक्षात आलं, की तिला ऐकूच येत नाही. दवाखान्यात मी मायलेकींसोबत गेले. आमच्या नोंदींचा कागद माझ्याच पिशवीत होता. डॉक्टरांनी तो वाचला.

“नवव्या महिन्यात ऐकू येत होतं. म्हणजे नंतर गेलंय. मोठा ताप आला होता का हिला?”

नेल्फाचा चेहरा उतरला. “दोन वर्षांची असताना. तीन दिवस. सासूबाई म्हणाल्या, पाल्याचा रस लावू, उतरेल. मी... मी दवाखान्यात नेलं नाही.”

“हं,” डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले.

मी तिथंच उभी होते. खांद्याला पिशवी, पिशवीत माझ्या अक्षरातला कागद. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तो गेला, आणि त्यावर सतरा वर्षं गेली. दर फेरीला मी त्या घरी जायची, वजन-उंची घ्यायची, नेल्फाच्या हातचं खायची. ती मला म्हणायची, “तुम्ही होतात म्हणून कागदावर तरी आहे, की माझी पोर एकदा ऐकत होती.”

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा मी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. नोब्लेझाबाई आता नाहीत. नव्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दोन हजारांतला एक आकडा आहे, मानांग. दुरुस्ती टाकतो. निष्कर्षांना काही धक्का लागत नाही. जिवाला लावून घेऊ नका.”

त्यांच्या दयेनं मला जास्तच मेल्यासारखं झालं.

शेवटच्या फेरीला गेले तो शुक्रवार होता. दुपारची वेळ. एकवीस वर्षांची लव्हलिन खिडकीशी शाळेचे गणवेश शिवत होती. तिच्या वाटचा तळलेला मासा टेबलावर झाकून ठेवलेला, आणि नेल्फाच्या ताटात नुसता भात, बाजूला मीठ.

“हे काय गं? बरं नाही का?”

“नाही, शुक्रवारी मी मीठ-भातच खाते.” ती ओशाळं हसली. “त्या तापाचं प्रायश्चित्त. देवाला कबूल केलंय, मरेपर्यंत.”

मी पिशवी खाली ठेवली. घंटेचं सांगितलं, बाहीचं सांगितलं, तीन शब्दांचंही. एकही वाक्य सजवलं नाही. “ती तेव्हाच ऐकत नव्हती, नेल्फा. तापानं काही झालं नाही. तू काही केलं नाहीस. मला माहीत होतं.”

नेल्फानं ताट जरा पुढं सारलं.

“दवाखान्यातही माहीत होतं?”

“हो.”

ती उठली, लव्हलिनच्या खांद्याला हात लावून तिला वळवलं, आणि दोघी हातांनी बोलू लागल्या. किती वेळ ते चाललं होतं! कपाळावर ठेवलेला तळहात मला कळला, माझ्याकडे केलेलं बोट कळलं. बाकी काही नाही. वीस वर्षं त्या घरी जाऊन मी त्यांची भाषा शिकले नव्हते. लव्हलिननं माझ्याकडे पाहिलं, मग आईचे दोन्ही हात धरून थांबवले.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“ते तिचं-माझं आहे.” नेल्फा येऊन ताटावर बसली. “तुमचे प्रश्न असतील ना आजचे? विचारा. मी तिला सांगते. पण ती सांगेल तेवढंच लिहायचं, मानांग.”

मी फॉर्म उघडला.

“थांबा,” ती म्हणाली.

लव्हलिननं झाकण काढून मासा आईच्या ताटात वाढला होता. नेल्फानं काटा बाजूला केला आणि घास घेतला. घाई न करता, एकेक काटा निवडत ती जेवत राहिली. तिचे हात मोकळे होईपर्यंत मी पेन धरून बसले.