आधी सही, मग तपासणी

वॉरंटी कक्षातल्या तपासनीस बाईंना वर्कशॉपमध्ये सगळे फुलीबाई म्हणत. दहांतल्या सात अर्जांवर त्या फुली मारत आणि मारताना त्यांचा हात कधी अडखळत नसे. केबिन काचेची होती. बाहेर बाकावर बसलेल्यांना आतल्यांचे ओठ हलताना दिसत, शब्द ऐकू येत नसत.

साडेदहाला एक नर्स आणि तिचा नवरा आत आले. नर्स आरोग्य केंद्रात होती. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये जाऊन गरोदर बायकांना तपासायचं तिचं काम. केंद्राने तिला घेतलं तेच स्वतःची गाडी आहे म्हणून, आणि तिचा करार या महिनाअखेरीस नवा व्हायचा होता. चार दिवसांपूर्वी गाडी चढावर निळा धूर सोडून बंद पडली. वॉरंटी संपायला अजून दोन महिने होते.

"तिसऱ्या पिस्टनला भोक पडलंय," फुलीबाई म्हणाल्या. "इंजिन पूर्ण बदलावं लागेल."

"मी म्हणतच होतो," नवरा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "ही अख्खा घाट पहिल्या गिअरमध्ये रेटते. माकडाच्या हातात कोलीत, दुसरं काय!"

नर्स ओशाळून हसली. "मॅडम, तुम्हीच सांगा यांना. गिअरने पिस्टनला भोक पडतं का?"

"नाही पडत."

"घ्या, ऐका."

"बाई बाईचीच बाजू घेणार," नवरा म्हणाला. त्याचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता.

फुलीबाईंनी एक छापील कागद नर्सपुढे सरकवला. त्यावर दोन चौकटी होत्या. पहिली, गाडीत कोणताही बदल केलेला नाही. दुसरी, बदल केला आहे, तो असा. आणि त्याखाली तीन रिकाम्या ओळी. कंपनीचा नियम होता, आधी मालकाची सही, मग तपासणीचा निकाल. प्रत्यक्षात तपासणी सकाळी आठलाच उरकलेली असे. मेकॅनिकने गाडीच्या कंप्युटरला वायर जोडली होती आणि आकडे फुलीबाईंच्या पडद्यावर आले होते. पडद्याचं तोंड त्यांच्याकडे होतं.

"नीट वाचून खूण करा," त्या म्हणाल्या.

याहून जास्त त्या बोलत नसत. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला त्या 'घरी मुलाला विचारून या' असं म्हणाल्या होत्या, तर त्यांना लेखी ताकीद मिळाली होती. ती अजून खणात होती.

नर्सने खरंच नीट वाचलं. मग पेन वर धरून नवऱ्याकडे वळली. "अहो, काही केलेलं नाही ना आपण? भाऊजी मागे आपल्या दारात लॅपटॉप घेऊन गाडीत बसले होते..."

"डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागत होता, तो घालवला त्याने."

"तसं असेल तर लिहिते ना इथे, दिव्याचं."

"अगं, दिव्याचं काय लिहितेस? तुला प्रत्येक कागदात भूत दिसतं. मॅडमना काय आपलं एकटीचंच काम आहे? कर सही."

तिने पहिल्या चौकटीत खूण केली आणि सही केली. अक्षर शाळकरी होतं, गोल गोल. खाली तारीख घातली.

फुलीबाईंनी कागद आपल्या बाजूला घेतला, शिक्का मारला आणि मग पडदा त्या दोघांकडे वळवला.

"इंजिनने किती हवा घ्यायची, किती इंधन घ्यायचं, हे त्याचा कंप्युटर ठरवतो. त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीने आजवर तीन वेळा भरलं. किती वेळा भरलं ते कंप्युटर स्वतः मोजतो आणि ती मोजणी पुसता येत नाही. इथे पाच आहे."

"म्हणजे?" नर्स म्हणाली.

"एकदा कोणीतरी जोर वाढवण्यासाठी ते बदललं. एकदा मूळचं परत टाकलं, बहुतेक गाडी बंद पडल्यावर. पण ज्याने टाकलं त्याने याच गाडीतलं जपून ठेवलेलं नाही टाकलं. त्याच्याकडे याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचं पडलेलं होतं, ते टाकलं. तुमच्या गेल्या सर्व्हिसिंगला आम्ही सातवी आवृत्ती भरली. आत्ता गाडीत पाचवी आहे. गाडी आपोआप मागे जात नाही."

नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "तो तर म्हणाला, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"कधी?" नर्सने विचारलं.

"तुझ्यासाठीच केलं. चढावर गाडीला दम लागतो, रडत यायचीस ना घरी?"

फुलीबाईंनी बोट पडद्यावर ठेवलं. "सर्वांत जास्त वेग एकशे ऐंशी. चार रविवार, दुपारी, सपाट हायवे."

रविवारी दुपारी नवरा गाडी धुवायला म्हणून न्यायचा. नर्स आठवडाभराची झोप काढायची.

"दुसऱ्या चौकटीत खूण केली असती तर?" तिने विचारलं.

"इंजिन नाकारलं गेलं असतं. बाकी गाडीची वॉरंटी राहिली असती आणि इंजिनासाठी सवलतीचा अर्ज करता आला असता. खोटं लिहून दिलं की सगळंच रद्द होतं. सवलतीचा अर्जही नाही."

"मी खोटं लिहिलं नाही. मला माहीतच नव्हतं. हे इथे बसलेत, विचारा त्यांना!"

नवरा उठला होता. खुर्ची त्याने नीट आत सरकवली. "गाडी हिची आहे, सहीही हिची आहे," तो फुलीबाईंना म्हणाला, जणू आता ते दोघे एका बाजूचे होते. "माझा यात कागदोपत्री काही संबंध नाही. बरोबर ना?"

"बरोबर."

तो बाहेर गेला आणि काचेपलीकडे भावाला फोन लावून हातवारे करू लागला.

नर्सनेही फोन काढला. "माझ्या आजच्या तिघी तुझ्याकडे घे," ती कुणाला तरी म्हणाली. "वरच्या वस्तीवरची आधी बघ, तिचे पाय सुजलेत. नाही गं, उद्याही नाही. करारासाठी त्यांनी विचारलं तर... सांग, गाडी नाही म्हणून."

फोन ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्या कोपऱ्यातली तपासणीची वेळ वाचली. आठ वाजून सहा मिनिटं.

"सही घ्यायच्या आधी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि 'नीट वाचा' म्हणालात."

"तेवढंच म्हणता येतं."

फुलीबाईंनी अर्जावर फुली मारली आणि प्रत तिच्या हातात दिली. नर्स बाहेर गेली. पण नवऱ्याकडे नाही. बाकावर पुढच्या नंबरची एक बाई बसली होती, शेजारी तिचा मुलगा. नर्स तिच्यासमोर वाकून काहीतरी सांगत राहिली. ती बाई मान हलवत होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मुलगा हसत होता.

मग ती दोघं आत आली.

"बाहेर त्या कोण होत्या हो?" बाई बसता बसता म्हणाली. "म्हणतात, सहीआधी मुलाला शपथ घाला. डोकं फिरलंय बिचारीचं."

"अर्ज फेटाळला की होतं तसं," मुलगा म्हणाला. "बस तू आई."

पडद्यावर त्यांच्या गाडीचे आकडे आधीच आले होते. फुलीबाईंनी नवा कागद पुढे सरकवला.

"नीट वाचून खूण करा," त्या म्हणाल्या.