घरात वकील असताना

बँकेने अंबरपेठच्या घराच्या दारावर लिलावाची नोटीस डकवली, त्या सकाळी एकनाथराव घाबरले नाहीत. घाबरण्याचं काम त्यांनी वर्षभर नेमाने केलं होतं. आता सोमवारी लिलाव म्हटल्यावर त्यांना वेगळंच काहीतरी होऊ लागलं. लहानपणी संक्रांतीला समोरच्या गच्चीवरच्या पतंगाशी मांजा भिडला की व्हायचं, तसं.

"आता तरी वकील करा," भामा म्हणाली.

"अगं, घरात वकील असताना?"

"मामा वर्षभर सांगतायत, 'मी बसलोय ना!' बसलेच आहेत. उठणार कधी?"

नरहरमामा म्हणजे भामाचे सख्खे मामा. राहायला तारनाक्याला. त्यांच्या घराण्यात निजामाच्या काळापासून वकिली, आणि मामांनी स्वतः आयुष्यभर भाडेकरूंचे खटले चालवले होते. काही जिंकलेही होते. असे मामा हयात असताना बाहेरचा वकील करणं म्हणजे लग्नाला घरून डबा घेऊन जाणं.

तसं पाहिलं तर सगळं लग्नामुळेच झालं होतं. एकनाथरावांचं अफझलगंजला लग्नपत्रिकांचं दुकान. घर गहाण टाकून त्यांनी छपाईचं मोठं यंत्र आणलं. यंत्र अतिशय देखणं होतं. ते सुरू झालं आणि गावाने फोनवर आमंत्रणं धाडायला सुरुवात केली. हप्ते थकले, बँकेची पहिली नोटीस आली. तिला मामांनी हरकतीचं एक सणसणीत उत्तर ठोकलं. त्यात रोमन कायदा होता, दोन सुभाषितं होती, एक फारसी शेरही होता. बँकेकडून अवाक्षर आलं नाही.

"बघ, गप्प बसली," मामा म्हणाले होते.

गप्प बसलेल्या बँकेने आता थेट लिलावच काढला होता.

भामाने एक वकीलबाई शोधून ठेवली होती. वृषाली नाव, नांदेडची मुलगी, लग्न होऊन नुकतीच इकडे आलेली. त्यामुळे हैदराबादच्या एकाही मराठी घराशी तिचं अजून नातं लागत नव्हतं. शिवाय ऑफिस सिकंदराबादला. तिकडे ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. एकनाथरावांनी काळा चष्मा आणि मास्क लावला. भामाने स्कूटीवरच्या पोरींसारखा स्कार्फ गुंडाळला, आरशात दोनदा पाहिला, आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "अहो, आपण लग्नाआधी असं पळून जायला हवं होतं."

"तुझ्या वडिलांची परवानगी होती की लग्नाला."

"म्हणूनच मजा नाही आली."

वृषालीच्या ऑफिसात बाकांवर बरीच मंडळी होती. कोपऱ्यात एक गृहस्थ माकडटोपी घालून, भिंतीकडे तोंड करून बसले होते. हैदराबादच्या एप्रिलमध्ये.

"बिचारे," भामा कुजबुजली. "केस गेले असतील."

दाराशी भाग्यलक्ष्मी नावाची कारकून होती. माणसांची नावं लक्षात ठेवण्यावर तिचा विश्वास नव्हता. जे जप्त होणार, तेच ती पुकारायची.

"गोडाऊन का हो गया! अब तारनाका फ्लॅट कौन है जी?"

माकडटोपी उठली.

"अंबरपेट का मकान आया क्या? तुम इनके बाद. रेडी रहो."

एकनाथराव अर्धवट उठले. माकडटोपी जागच्या जागी थांबली.

"अंबरपेठ?" टोपीतून स्वच्छ मराठी आलं. "अंबरपेठेत कोणाचं मकान?"

वर्षभर 'मी बसलोय ना' सांगणारा आवाज ओळखायला चेहरा लागत नाही.

"मामा!" भामाने स्कार्फ ओढून काढला.

"अगं, मी... मी तुमच्यासाठीच वकील बघायला आलो होतो."

"तारनाका फ्लॅट, जल्दी जी!" भाग्यलक्ष्मी ओरडली. "बँक का नोटीस लाए ना?"

मामा बाकावर टेकले. टोपी काढली. घामाने भिजलेलं टक्कल पंख्याखाली चमकलं. नातवाच्या परदेशी शिक्षणासाठी त्यांनी फ्लॅट गहाण टाकला होता. नातवाची तिकडची नोकरी गेली, इकडचे हप्ते थकले.

"स्वतःची दाढी करता येते भामे," मामा खालच्या आवाजात म्हणाले. "स्वतःची दाढ उपटता येत नाही."

"मग आमची का धरून बसला होतात?"

यावर रोमन कायद्यात काही नसावं. मामा टोपीची घडी घालू लागले.

एकनाथरावांना एकदम हसू फुटलं. घर जायची वेळ आली होती, आणि हा मनुष्य पोट धरून हसत होता. मग भामा हसली. शेवटी मामाही. हसता हसता तिघंही आत गेली.

लिलाव जवळ म्हणून वृषालीने अंबरपेठचं प्रकरण आधी घेतलं. फाईल चाळता चाळता ती मामांच्या उत्तराशी थबकली. वाचत गेली. ओठ दाबत गेली.

"हे कोणी लिहिलं?"

मामा पंख्याकडे बघू लागले.

"बँकेचं यावर काय उत्तर आलं?"

"नाही आलं," एकनाथराव म्हणाले.

"एक ओळसुद्धा?"

"गप्प बसली," मामा क्षीणपणे म्हणाले.

वृषाली खुर्चीतून उठलीच. "अहो काका, हरकत घेतली की ठरलेल्या मुदतीत कारणं देऊन उत्तर द्यावंच लागतं बँकेला! ते नाही दिलं, तर पुढचा सगळा डोलारा डळमळतो. उत्तर का नसेल दिलं यांनी?"

"शेवटपर्यंत वाचून झालं नसेल कोणाचं," भामा म्हणाली.

"हा कायदा माझ्यानंतरचा," मामा पुटपुटले. पण त्यांनी माकडटोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, पागोटं ठेवावं तशी. "माझ्याही नोटिशीला असंच एक..."

"तुमची मुदत आहे अजून. पण उत्तर मी लिहिणार. शेर नको."

"एखादं छोटं सुभाषित?"

"नको, काका."

शुक्रवारी कर्जवसुली न्यायाधिकरणात बँकेचा वकील म्हणाला, उत्तर दिलेलं आहे. दाखवा, म्हटल्यावर तो कागद उलटू लागला. एकनाथरावांनी भामाचा हात असा आवळला की बांगडी पिचली. कागद संपले, उत्तर निघालं नाही. वृषालीने मामांची हरकत वाचायला घेतली. फारसी शेरापाशी न्यायासनावरच्या साहेबांनी हात वर केला.

"बस्स. बँक चूप क्यों बैठी, समझ में आया. मगर कानून में माफी नहीं है."

लिलावाला स्थगिती मिळाली. काही रक्कम महिन्याभरात भरायची अट होती. पण त्या देखण्या यंत्राला भामाने बुधवारीच वारंगळचं गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून नरहरमामा ताडकन उभे राहिले. कोटाचं बटण लावलं.

"आप कौन?" साहेबांनी विचारलं. "वकील हैं?"

एकनाथरावांनी डोळे मिटून घेतले.

"जी नहीं," मामांनी वृषालीकडे बोट दाखवलं. "मैं इनका अशील... मुवक्किल."

"अहो," भामाने नवऱ्याला कोपराने ढोसलं, "उठले एकदाचे!"