पांढरे ठिपके

अनुयाने कानातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. जळायचंच आहे तर निदान नीट ऐकून जळावं.

शशिकला मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडे जासईच्या कंटेनर यार्डात गेटवर बसणारा प्रणित बोलत होता.

"मॅडम, नवीन प्रोग्रॅम एक नंबर हाय. जुना मधीच अडकायचा. आता काय त्रास नाय."

जुना म्हणजे अनुयाचा. यार्डात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवणारा तो प्रोग्रॅम तिने पनवेलच्या याच ऑफिसात वर्षभर खपून लिहिला होता. आणि कालपरवा आलेल्या विश्वजीतने एआय सहायकाला चार सूचना देऊन तो आठवड्यात पालटला. आयत्या बिळावर नागोबा, ती मनात म्हणाली.

"अनुया, तूही शिकून घे ना त्याच्याकडून," मॅडम सहज म्हणाल्या. त्या सहजपणाचाच तिला जास्त राग आला.

विश्वजीत जेवायला गेल्यावर ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. शिकायला नव्हे, चुका काढायला.

पडद्याच्या कोपऱ्यात सहायकाने लिहिलं होतं, 'सर्व बदल पूर्ण झाले.' पण वर प्रत्येक फाइलच्या नावापुढे बारीक पांढरा ठिपका होता. म्हणजे बदल नुसतेच पडद्यावर होते, सेव्ह एकही झालेला नव्हता. सहायकाच्या शब्दावर विसंबून विश्वजीतने फाइली पुढे पाठवल्या होत्या. तिने जासईला गेलेला प्रोग्रॅम उघडून पाहिला. ओळ न् ओळ तिची होती. यार्डातलं नेट तेवढं सुधारलं असावं, म्हणून आता तो अडकत नव्हता.

तिला आधी हसू आलं. आठवडाभर ती स्वतःच्याच कामावर जळत होती. मग हसू ओसरलं. सांगितलं तर तो लगेच सेव्ह करून पाठवणार आणि तिचा प्रोग्रॅम खरोखरच जाणार. नाही सांगितलं तर प्रोग्रॅम राहील, पण नाव त्याचं होईल.

"काही चुकलंय का, ताई?"

विश्वजीत मागे उभा होता. ती गडबडून उठली.

"तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत," तो म्हणाला. "सगळे चांगलं म्हणतात, पण तुम्ही म्हणालात तर खरं."

"चांगला आहे," अनुया म्हणाली, आणि मग तिला थांबवेना. "गेलेली गाडी परत आली की तिची आधीची नोंद आपोआप समोर येते ना, ते फार विचार करून केलंय. सहज सुचत नाही ते कुणाला."

वर्षभर हे कुणीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती.

विश्वजीत गोंधळला.

"पण ताई, ते तर तुमचं आहे. त्याला हात लावू नकोस, असं मी सहायकाला मुद्दाम बजावलं होतं. मला त्याहून चांगलं जमलं नसतं."

अनुयाने शेजारची खुर्ची ओढून घेतली.

"बस," ती म्हणाली. "हे पांढरे ठिपके दिसतात का तुला?"