देवमनचा आवाज

"चाचा, नाटकं पुरे. बाबाचा आवाज काढा आता," पौर्णिमानं माइक अय्युबच्या तोंडाशी धरला.

"काढतो ना वो! गळा तं साफ करू दे. तुया बापाचा आवाज म्हंजे काय कोंबड्याची बांग हाय, दाबली मान का निघाली?"

बडनेऱ्यात अय्युबचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. पण त्याचा खरा धंदा दुसऱ्यांच्या आवाजात लोकांना उल्लू बनवायचा. जिगरी दोस्त देवमनचा आवाज तर जिभेवरच बसलेला. एकदा त्या आवाजात देवमनच्याच सासऱ्याला फोन लावून यानं कोंबडा कापायला लावला, आणि जेवायला स्वतः जाऊन बसला.

गेल्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करता करता औषध देवमनच्या अंगात भिनलं. दवाखान्यातून तो चादरीतच परत आला. पौर्णिमा अमरावतीला कॉलेजात. बापावर दहा मिनिटांची फिल्म करत होती. मरण तिला दाखवायचंच नव्हतं. पडद्यावर नुसती हिरवीगार कपाशी, आणि कुठूनतरी फवारणीच्या पंपाचं खच्चक-खच्चक. ते मंदावतं, अडखळतं, थांबतं. मग फक्त पानांची सळसळ. माणूस दिसत नाही, तरी तो पडला हे कळावं. ते काम अय्युबनं झकास जमवलं होतं. पंप पाठीवर घेऊन, स्वतः धापा टाकून.

राहिला होता शेवटचा प्रसंग. त्यासाठीच आज अय्युब देवमनच्या घरी आला होता. घर, आणि जेवायला बसलेल्या बापाचा आवाज.

तो आवाज कुठंच नव्हता. देवमनचा फोन साधा, बटणांचा, त्यात काही रेकॉर्ड केलेलं नाही. लग्नाची कॅसेट होती, अय्युबनंच काढलेली. पण मिक्सिंग करताना धंद्याच्या रिवाजाप्रमाणं त्यानं सगळी बडबड पुसून वर सिनेमाची गाणी चढवलेली. देवमन लाजत नाव घेतो, ओठ हलतात, आणि वर सनई वाजते.

अय्युब खाकरला. "ए सुभद्रेऽऽ! वाढ ना वो! पोटात कावळे कोकलून रायले!"

पौर्णिमाला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

चुलीपाशी बसलेली तिची आई सुभद्रा मान वर न करता म्हणाली, "अय्युबभाऊ, असे नव्हते बोलत ते."

"काय सांगता, वहिनी! पंचवीस वर्सं हाच आवाज काढून रायलो मी. तुमचे बाबा फसले, सरपंच फसला!"

"तो पानठेल्यावरचा आवाज हाय. घरात लय हळू बोलत. तुमाले कसा मालूम रायीन?"

अय्युबनं हळू बोलून पाहिलं. मग आणखी हळू. दर खेपेला कोणी भलताच माणूस बोलला. लोकांना हसवायला त्यानं देवमनला इतकं वर्षानुवर्षं ताणलं होतं, की मूळचा देवमन आता हाती लागेना. कपाळावर घाम आला.

"चाचा, रायू द्या," पौर्णिमा म्हणाली. "मी आवाज काढूनच टाकतो फिल्ममधून."

"थांब." त्यानं हेडफोन कानाला लावला. "वहिनी, तुमी त्याले वाढत होता तसं वाढा. बोलत होता तसं बोला."

"कोणाशी बोलू?"

अय्युबनं चुलीसमोरच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवलं. सुभद्रानं तिकडं पाहिलं. मग उठली, पाट मांडला.

अय्युबच्या कानात बांगड्या किणकिणल्या. ताट जमिनीला टेकलं. भाकर मोडल्याचा आवाज आला.

"चटणीवर तेल टाकू का?" सुभद्रानं विचारलं. हा आवाज अय्युबनं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग काहीच नाही. एक माशी. चुलीत लाकूड तडकलं. दूर कुणाच्यातरी विहिरीवरची मोटर. थांबवू का, असं पौर्णिमानं डोळ्यांनी विचारलं. अय्युबनं मान हलवली. नाही.

सुभद्रा पाटाकडं बघत थांबली होती. तोंडातला घास गिळून माणसाला बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.

"बरं," ती म्हणाली, आणि चटणीवर तेल टाकलं.