न दिसलेला ठिपका

मी फील्डची, म्हणजे नजरेचा घेर मोजणारी मशीन बोलतेय. अहिल्यानगरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, पडदे ओढलेल्या खोलीत माझा मुक्काम. काचबिंदू कडेकडेने नजर खातो आणि माणसाला पत्ता लागू देत नाही. किती खाल्ली, ते मी सांगते. म्हणजे, सांगू दिलं तर!

हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोर बघायचं. माझ्या पांढऱ्या वाटीत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. एवढंच. पण मला चालवणारे आमचे कारभारीभाऊ अठरा वर्षं प्रत्येकाला बजावतात, "दिसलं की दाबा. चुकू नका!"

झालं, माणूस परीक्षेलाच बसतो. मिरजगावचे पुंजाराम आबा तसेच बसले. ठिपका टाकताना माझ्यात टिक् असा आवाज होतो. आबांनी तो हेरला. टिक् झालं की दाब! मीही मुद्दाम ठिपक्याविना टिक् केलं. तिथेही दाबलं. कागदाच्या कोपऱ्यात मी छापलं, खोटी उत्तरं चाळीस टक्के. दोन वर्षं छापलं. वाचतंय कोण? "फर्स्ट क्लास, आबा!" भाऊ म्हणाले. आबांनी घरी जाऊन काचबिंदूचे थेंबच बंद केले.

यंदा भाऊंच्या हाताखाली नवी आरती आली. तिने तो कोपरा वाचला.

"भाऊ, हे रिपोर्ट खरे धरताच येत नाहीत."

"कालची पोरगी तू. अठरा वर्षं हेच करतोय मी."

"तेच म्हणतेय, अठरा वर्षं!"

आबा मध्येच म्हणाले, "मला समदं दिसतंय की. बांधावरनं दोनदा पडलो, तेवढंच."

आरतीने आधी मिनिटभर सराव घेतला. "आबा, बरेच ठिपके मलाही दिसत नाहीत, इतके अंधुक असतात. नाही दिसला तर हात गप्प. दमलात तर बटण दाबून धरा, मशीन थांबते."

"आन् येकबी न्हाई दिसला तर?"

"तर तेच मला कळायला हवंय."

या वेळी खालच्या बाजूला मी ठिपक्यामागून ठिपके टाकले. आबांचा हात हललाच नाही. कागदाचा खालचा अर्धा भाग काळा आला.

"हे परत यील का गं?"

"गेलेलं येत नाही, आबा. राहिलेलं थेंबांनी राखायचं."

"मंग आधी का न्हाई सांगितलं कुनी?"

कारभारीभाऊ पडदा सारखा करत राहिले.

सांगितलं होतं हो मी! इंग्रजीत, बारीक अक्षरात. मला दुसरं तोंड नाही. म्हणून माझ्यापुढे बसाल तेव्हा एवढं करा, दिसत नाही ते दिसत नाही म्हणा. हुशारी दाखवायला बाहेर अख्खं गाव पडलंय.